इतर

सात रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानावर
आमचं ऑफिस. दोन टेबलं, एक कूलर,
आणि एक स्क्रीन, तिला सगळं कळतं.
एप्रिल. खाली डांबर मऊ पडलंय.
रेवणसिद्ध म्हेत्रे चपला बाहेर काढून आत येतात,
नको म्हटलं तरी.

"म्याडम, अकरा वर्षं झाली, एक क्लेम न्हाई.
बंपरला चरा पडला तर मी घरीच
ब्रशनं रंग लावलो.
मग वाढलं कसं ओ?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते.
गेल्या साली सवलतीच्या आशेनं
स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढी डबी
त्यांनीच हौसेनं बसवून घेतली होती.
डबी इमानी आहे. पाहिलं तेवढंच सांगते.
रात्रीचं चालवणं: जास्त.
जोराचा ब्रेक: चौदा वेळा.
वाढ: अठराशे सत्तर, कर वेगळा.

म्हेत्रे बोटांवर चौदा आठवू लागतात.
एक विडी घरकुलात. टायर पळवत आलेलं पोर,
टायर गेला चाकाखाली, पोर न्हाई.
एक अक्कलकोट रोडला,
पुढच्या टेम्पोतनं सुताचं बाचकं पडलं.
एक म्हशींचा. "त्यो धरा हवं तर."
सहाव्यापाशी थांबतात.
"आन् रात्रीचं म्हणाल, तर हिचं डायलिसिस.
पहिली पाळी मिळाली, मंद्रूपहून चारलाच निघावं लागतंय.
दुपारची मागितलो होतो.
हे सांगता येतंय का त्याला?"

माझे वडील अशोक चौकामागं टॉवेल विणायचे.
शनिवारी घडीच्या टेबलावर डाग मोजत.
तेलाचा डाग चार रुपये, तुटका धागा दोन.
माग म्हातारा, सूत कच्चं,
दिवसातून तीनदा वीज जायची,
पण कपात विणणाऱ्याची.
हजेरीपटावर नाव
मागाचं नव्हतं, सुताचं नव्हतं.

मी समजावते, शिकवलंय तसं:
"काका, ही भिशी आहे. सगळ्यांनी घालायचं,
ज्याच्यावर वेळ येईल त्यानं उचलायचं."
"भिशीत आम्ही सगळे सारखंच घालतो की."
"मग दुभाजकावर गाडी चढवणारा
आणि तुम्ही, सारखंच भरायचं?"
ते कूलरकडे बघत बसतात.
"न्हाई," म्हणतात. मग बऱ्याच वेळानं,
"काय की ओ."

मलाही काय की.
दुभाजकवाले सकाळीच येऊन गेले होते,
विजापूर रोडचे. वर्षात दोन क्लेम,
बोनस शाबूत. तो शाबूत ठेवायचं कलम
त्यांनी आधीच विकत घेतलंय.
क्षमा आम्ही ठेवतो. तिचाही हप्ता असतो.
म्हेत्र्यांना हे सांगितलं नाही.
माझा इन्सेंटिव्ह त्याच कलमावर आहे.

प्रत्येक ब्रेकपुढं एक चौकट: कारण निवडा.
घाई. मोबाइल. अंतर न राखणे. इतर.
मी पोरापुढं 'इतर' टिचकते,
बाचक्यापुढं 'इतर',
म्हशींपुढं, आणि न आठवलेल्या आठांपुढंही.
रक्कम हलत नाही.
खाली वर्तुळ फिरतं, मग हिरवी बरोबर खूण:
आपली नोंद आमच्यासाठी मोलाची आहे.

म्हेत्रे पाचशेच्या नोटा मोजतात,
थुंकी न लावता, एकेक सुटी करून.
पावती फाइलीत, फाइल पिशवीत,
पिशवीत डायलिसिसचीही फाइल.
"चालतंय," म्हणतात. पायांत चपला.

खिडकीतून दिसतं,
पांढरी गाडी बोळातून मागं येतेय, इंचाइंचानं.
हातगाड्याच्या सावलीत कुत्रं पसरलेलं.
आणि एकदम दोन्ही लाल दिवे.

कुत्रं उठतसुद्धा नाही.

पंधरा.